इत्तोच्या ट्रकातला चौथा प्लग

मी एक जुना, जळालेला आणि हट्टी ग्लो प्लग आहे, मित्रांनो. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींची मला काडीइतकीही लाज वाटत नाही.

तुम्ही मला पाहिलं नसेल. मी बोटाएवढी लोखंडी कांडी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. थंडीत त्याचं पोट गार पडलं, की कितीही डिझेल पाजा, ते पेटत नाही. तेव्हा आम्ही प्लग आतल्या आत लालबुंद होतो आणि त्याला ऊब देतो. काम वीसेक सेकंदांचं. मग इंजिन धडधडतं आणि लोक म्हणतात, "वा, काय इंजिन आहे!" आमचं नाव कोणी काढत नाही. गरज सरो, वैद्य मरो!

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण माझं घर म्हणजे मिदेल्तचा एक निळा ट्रक. मोरोक्कोतलं हे गाव अटलास डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि हिवाळ्यात इथे बादलीतलं पाणीसुद्धा दगड होतं. शरदात ट्रक सफरचंदं वाहायचा, एरवी मेंढ्या. मिमून त्याचा मालक. त्याने आम्हा चौघा भावांना एकाच दिवशी बसवलं. मी चौथा, पार मागे, जिथे हात धड पोचत नाही तिथे.

मिमूनची बायको इत्तो तेव्हा शेजारीच उभी होती. तिच्या हातात जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या तेलाची बाटली होती, तिच्या आईच्या झाडांचं, त्या सालातलं पहिलं तेल. या लोकांचा त्या तेलावर भारी विश्वास. बाळाच्या टाळूला तेच, दुखऱ्या कानात तेच, कुरकुरणाऱ्या दाराला तेच.

"यांच्या आट्यांना लाव," इत्तो म्हणाली. "लोखंडाने लोखंडाला चावायला नको."

मिमूनने हसत हसत लावलं. पहिल्या तिघांना बोट बोट, आणि बाटलीत उरलेलं सगळं मला. किती लाड झाले म्हणून सांगू! तेव्हा मला काय माहीत, की हेच लाड पुढे गळ्याशी येणार आहेत.

मिमून होता तोवर आमचे दिवस मानाचे होते. किल्ली फिरवली की समोर नारिंगी दिवा लागायचा. तो विझेपर्यंत मिमून सावकाश तीनदा बिस्मिल्ला म्हणायचा आणि मगच स्टार्टर मारायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि ट्रक इत्तो चालवू लागली. गावाने नाकं मुरडली. तिने ट्रक चालवून दाखवला. ती दिव्यासाठी थांबायची, पण तिचा दीर बास्सू कधीच थांबायचा नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! किल्ली फिरवली की लगेच स्टार्टर, नाही लागलं की पुन्हा, पुन्हा. आम्ही तापतो न तापतो तोच ठोसे. एकेक करून आम्ही चौघेही जळालो. मी सगळ्यांत शेवटी, हे मुद्दाम सांगतो.

मग ती सकाळ आली. रेडिओवर सांगितलं, उद्या डोंगरावर मोठा बर्फ. वरच्या कुरणात इत्तोचा भाऊ हद्दू कळप घेऊन होता. बाकीच्या मेंढ्या चालत उतरतील, पण अडतीस गाभण मेंढ्यांना ती उतरण झेपणारी नव्हती. त्यांना ट्रकनेच आणायचं होतं. संध्याकाळी वर जायचं, पहाटे मेंढ्या भरायच्या आणि बर्फाच्या आधी खाली. पण वरच्या त्या मरणाच्या थंडीत पहाटे ट्रक सुरू झाला नाही तर? तर अडतीस मेंढ्या, त्यांच्या पोटातली कोकरं आणि इत्तोचं पुढचं सगळं वर्ष बर्फाखाली.

"नवे प्लग आणलेत मी. तासाभराचं काम आहे, वहिनी," बास्सू म्हणाला आणि पाना घेऊन गार इंजिनावर चढला. पहिला भाऊ निघाला. दुसराही निघाला. त्यांच्या जागी नवे बसले. तिसरा हलेना. बास्सूने पान्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप घातला आणि लोंबकळला.

कट्!

माझा भाऊ माझ्या शेजारी मोडला, मित्रांनो. डोकं बास्सूच्या हातात, धड आत. मी तिथेच ठरवलं, की मोडेन पण निघणार नाही. या माणसाच्या हाताने तर नाहीच नाही!

त्याने पाइप माझ्या डोक्यावर ठेवला. मी आटे आवळून बसलो.

"खाली उतर!" इत्तो ओरडली.

"अगं वहिनी, एकच हिसका..."

"एक हिसका दिलास तो दिसतोय मला. उतर म्हणते ना! अजून एक मोडला तर तुलाच गळ्यात दोर बांधून ट्रकला जुंपीन."

बास्सू उतरला. त्यांनी ट्रक उतारावर ढकलून कसाबसा सुरू केला आणि बाजारामागे उस्ताद अल्लालच्या गॅरेजात नेला. उस्ताद सत्तरीचा. संधिवाताने त्याची मनगटं कामातून गेली होती, पण कान आणि नाक शाबूत होतं.

"इंजिन बंद करू नका," तो म्हणाला. "तापू दे चांगलं."

त्याने मोडलेल्या भावाकडे पाहिलं आणि बास्सूकडे पाहिलंच नाही. "हा राहू दे आत. धड आत आहे तोवर भोक बंद आहे, इंजिन चालेल. उन्हाळ्यात इंजिनाचं हेड उतरवू तेव्हा काढू. तीन प्लग पेटले तर वरच्या थंडीतही ट्रक लागेल. दोनांवर नाही लागायचा. तेव्हा पोरी, सगळं या चौथ्यावर आहे, हा अख्खा निघायला हवा."

ऐकलंत? सगळं माझ्यावर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी हे मोठ्याने बोललं.

मग इंजिन बंद करून उस्तादने माझ्या मानेजवळची काळी खपली नखाने खरवडली, हुंगली आणि खो खो हसला. "जैतून! कोणी पाजलं याला जैतून?"

इत्तोचा चेहरा पडला. "मीच. चावू नये म्हणून. माझ्या आईचं तेल होतं ते."

"अगं, या गावातल्या निम्म्या ट्रकांना कोणाच्या तरी आईचं तेल लागलंय. इंजिनाच्या धगीत ते शिजतं आणि सरसासारखं धरतं. प्रेमाने लावलंस, तेव्हा ते प्रेमानेच सुटेल. चहा ठेव!"

त्याने माझ्या मानेभोवती गंज सोडवायचं पातळ तेल सोडलं. तापलेल्या लोखंडावर ते चुरचुरलं. मग तिघे पुदिन्याचा चहा पीत बसले. पेला संपेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, हा उस्तादचा नियम. बास्सूने एका घोटात पेला रिकामा केला. उस्तादने तो शांतपणे पुन्हा भरला.

"आता तू," उस्ताद इत्तोला म्हणाला. "माझं मनगट चालत नाही आणि याची अक्कल चालत नाही. आखूड पाना घे. आधी सोडवू नकोस, केसभर घट्ट कर."

"घट्ट?" बास्सू किंचाळला.

"तू चहा पी."

मी लढायला तयार होतो, आणि ही बाई मला माझ्याच बाजूने दाबत होती! मी गोंधळलो. माझ्याभोवतीचा वर्षांचा सरस किंचित तडकला.

"आता केसभर उलटं. ऐक. तो कुरकुरतोय तोवर भलं आहे. हाताला मऊ लागला आणि गप्प झाला, की थांबायचं. गप्प झालेलं लोखंड मोडतं."

मी कुरकुरलो. कुरकुरणारच! पुढे, मागे, तेल, चहा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दुपार कलली. एकदा मी खरंच गप्प झालो. मला पीळ बसत होता, भावाचा तो कट् माझ्या कानात होता. इत्तोचा हात जागीच थांबला. बाहेर ढग उतरत होते आणि तिला घाई नव्हती का? होती की! तिच्या तळव्याचा घाम मला पान्यातून कळत होता. तरी ती थांबली.

"आता नको," ती म्हणाली. "हा घाबरलाय."

दिव्यासाठी थांबणारे होते, पण इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. बास्सूच्या पाइपाला मी हार गेलो नसतो, आजही जाणार नाही. पण त्या हातापुढे मला हट्ट धरवेना. पाचव्या चहानंतर मी सुटलो. अख्खा, टोकासकट. मोडलो नाही की वाकलो नाही.

उस्तादने माझी जागा साफ करून नव्या प्लगच्या आट्यांना राखाडी मलम लावलं. "आणि तेल पोरी, यापुढे भाकरीबरोबर खायचं," तो म्हणाला. इत्तो हसली आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. मला फेकून द्यायला बास्सूने हात पुढे केला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. माझ्या मानेला तार गुंडाळून तिने मला किल्लीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वरच्या कुरणात होतो. अडतीस मेंढ्या मागे दाटीवाटीने उभ्या, हद्दूच्या मिशीवर दव गोठलेलं, आणि पहिली भुरभुर काचेवर. इत्तोने किल्ली फिरवली. नारिंगी दिवा लागला.

"वहिनी, मार की स्टार्टर! बर्फ आला!"

"गप रे! दिवा विझू दे."

ती सावकाश तीनदा बिस्मिल्ला म्हणाली. दिवा विझला. एका दमात ट्रक धडधडला. तो आवाज मी जन्मभर आतून ऐकला होता, बाहेरून पहिल्यांदाच ऐकला. वा, काय इंजिन आहे! मीसुद्धा तेच म्हणालो, काय करणार?

तर मित्रांनो, जे अडलंय त्याला हिसका देण्याआधी जरा थांबा. ते कुरकुरत असेल तर ऐका आणि गप्प झालं तर हात सोडा. हे मी हात जोडून सांगत नाही, मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. माझा तिसरा भाऊ अजून तिथेच आत बसलाय. उन्हाळ्यात त्याला काढायला याल तेव्हा पाइप घरी ठेवा आणि चहाची किटली आणा. तो माझा सख्खा भाऊ आहे. सहजासहजी निघायचा नाही.