दोन टक्के ठेचा

साहेबरावांनी भर जेवणात शपथ घेतली होती, "ह्या रोपाला मिरच्या लागल्याबिगर मी ठेच्याला हात लावणार न्हाई!" बायकोनं, कस्तुरानं, 'तुमच्या हातून काही उगवत नाही' म्हणून डिवचलं होतं, म्हणून ही फुशारकी. आता दोन महिने झाले. लातूरचा हा माणूस नुसत्या दह्याशी भाकरी गिळत होता, आणि काळेवाडीतल्या त्यांच्या तळमजल्याच्या खिडकीखाली रोप होतं तेवढंच होतं.

"पप्पा, आपण जंगलाचा तळ आहोत," सातवीतली सोनू पुस्तकातून डोकं काढत म्हणाली. "वर्षावनात उंच झाडं वरच्या वर ऊन खातात. खाली शंभरातले दोनच भाग पोचतात."

चाकणच्या कंपनीत मशिनींवर पुरेसा उजेड पडतो का, हे मोजणं साहेबरावांचं कामच. कुणी आकडा सांगावा आणि त्यांनी तपासू नये, असं होणं शक्य नव्हतं. गुरुवारच्या सुट्टीला उजेड मोजायचा मीटर घरी आला. तळमजला: अठराशे. तिसरा, म्हणजे सगळ्यात वरचा मजला: नव्वद हजार. पोरीचं पुस्तक तंतोतंत खरं! मधलं ऊन मजल्यामजल्यावरच्या साड्या, चड्ड्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हिंदुरावांची खिडकीबाहेर ताणलेली भलीमोठी सोलापुरी चादर फस्त करत होत्या.

"तेवढी चादर काढा की राव," साहेबराव काकुळतीला आले.

"कशी काढू?" हिंदुरावांचे डोळे लालभडक झाले होते. "रातपाळी हाय माजी. दिवसा झोपावं तर ऊन डोळ्यात घुसतंय. जरा अंधार मिळंना बगा."

साहेबरावांना हसू आवरेना. अंधार तर त्यांच्या घरात पोत्यानं पडला होता.

तिथल्या तिथं ठरलं. हिंदुराव दिवसा खाली झोपणार, रोप वर जाणार. "एकदम नको, सावलीतली पानं करपतील," असं सोनूनं बजावल्यामुळे रोपाला आठ-आठ दिवसांनी एकेका मजल्याचं प्रमोशन मिळालं. घोरण्याला कंटाळून कस्तुराही दुपारची वर, हिंदुरावांच्या कौशल्याबाईंकडे जाऊन बसू लागली.

आणि एका गुरुवारी वरून कस्तुराची आरोळी आली, "अवो, अकरा लागल्या!"

कौशल्याबाईंनी लगेच ठेचा वाटला. वासानं साहेबरावांचा जीव कासावीस झाला. ते भाकरी मोडून बसले. सोनू भरली वाटी घेऊन निघाली. दुसऱ्या मजल्यावर "बघू गं, जरा चाखू दे" झालं. पहिल्यावर तर सासू, सून, पाहुणे सगळेच चाखायला आले. खाली पोचते न पोचते तोच हिंदुराव झोपेतून उठले आणि त्यांनीही एक बोट फिरवलं.

वाटीच्या तळाशी हिरवा डाग उरला होता.

"दोन टक्के, पप्पा," सोनू हळूच म्हणाली.

साहेबरावांनी तो डाग भाकरीनं पुसून तोंडात टाकला. कान तापले, नाक वाहू लागलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकं सुख त्यांना दिवाळीच्या बोनसलाही झालं नव्हतं.

"कस्तुरा!" त्यांनी खिडकीतून वर तोंड करून हाक मारली. "उगवलं का न्हाई माझ्या हातून?"

"उगवलं बाबा, उगवलं!" वरून उत्तर आलं. "पण इथून पुढं जेवायला वर येत जा!"