रुपालीच्या पोटातले खडे

माझ्या बोलण्यातलं बारा आणे खोटं धरावं, असं आमच्या उंद्री गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. ही गोष्ट उरलेल्या चार आण्यांतली आहे. जेवायला बसला असाल तर आधी उरकून घ्या. पुढं वाचल्यावर ताटाकडे बघवणार नाही.

बायको गेल्यापासून मी माझ्या धाकट्या बहिणीकडे, सत्यभामाबाईकडे राहतो. तिचं घर म्हणजे गव्हाचं घर. विहिरीला पाणी म्हणून शेतात गहू, आणि घरात गहू म्हणून नाकावर तोरा. ज्वारीची भाकर गड्यामाणसांनी खावी, घरच्यांनी पोळी खावी, असा तिचा कायदा. पोळीही अशी करते, की पंख्याखाली ठेवली तर पापुद्रा उडून थेट चिखलीच्या बसस्टँडवर पडतो.

तिचा मुलगा शेखर शाळामास्तर. वर्गात वाघ, आईपुढं गोगलगाय. त्याची बायको रुपाली सोनाळ्याची, सातपुड्याच्या पायथ्याची, भाकर-ठेच्यावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा धान्याचं पोतं एकटी उचलून ठेवायची. चार वर्षांत पोरीच्या हातापायांच्या तुराट्या झाल्या आणि पोटाचा ढोल. त्या पोटात असा गडगडाट व्हायचा, की शेजारच्या उत्तमरावानं एकदा भर उन्हाळ्यात वाळत घातलेली तूर धावत जाऊन घरात घेतली.

आता घाण सांगतो, नाक धरा. जेवण झालं की पोरगी पळत मागच्या संडासात. जे पडायचं ते पांढुरकं, चिकट, तुपकट. बादलीभर पाणी ओतलं तरी वर तरंगत राहायचं. वास असा, की भिंतीवरची पाल चक्कर येऊन खाली पडायची. पाळी दोन-दोन महिने गायब. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गर्भ पडला.

यावर माझ्या बहिणीचा इलाज काय? आणखी गहू! तुपातला शिरा, लापशी, रोडगे.

"खाय वं, खाय! अंगात गहू मुरल्याबिगर गर्भ धरत नाही."

रुपाली खायची, परसात जाऊन ओकायची, तोंड पुसून परत आली की ताटात दुसरा रोडगा तयार. वरून एरंडेल. त्यावर शिळं गोमूत्र, आणि ते ज्या तांब्यात, त्याच तांब्यात दुपारी पाहुण्यांना ताक. तेव्हापासून मी या घरात ताक घेत नाही.

माहेरी गेली की महिन्याभरात रुपालीचे गाल भरायचे. बहीण म्हणायची, "पाह्यलं? माहेरी बरी, सासरीच बिमार. नाटकं आहेत सारी!" मग एके दिवशी तिनं शेखरला सांगितलं, "हा एक शेवटचा इलाज. त्यानं नाही झालं तर हिले सोनाळ्याले धाडतो अन् फारकत घेतो. मेहकरकडची एक पोट्टी पाहून ठेवली म्या."

शेखरनं चष्मा पुसला. एवढंच केलं.

शेवटचा इलाज म्हणजे भागवत महाराज, पोटातले खडे तोंडानं ओढून काढणारा. आला तेव्हा दोन्ही गाल फुगलेले, बोटांची नखं काळी. रुपालीला ओसरीवर आडवं झोपवलं, पोटावर पितळी नळी ठेवली आणि लागला ओढायला. निम्मं गाव बघायला जमलेलं. त्याची लाळ नळीवरून ओघळून पोरीच्या बेंबीत साचत होती. ती डोळे मिटून, दात आवळून पडलेली.

थू! वाटीत खडा पडला, सोबत लालभडक रक्त. बायांनी हात जोडले. मी वाकून वास घेतला. सुपारी, चुना, तंबाखू. ते रक्त स्टँडवरच्या पानठेल्यातल्या खर्ऱ्याचं होतं. पन्नास वर्षं खर्रा खाल्लाय मी, मला कोण फसवतो?

"सत्यभामे, ह्याच्या गालात खडे आहेत," मी म्हणालो.

"दादा, तुह्या थापा घराबाहेर मार!"

खरं बोललो तर ही गत. मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. महाराजानं दुसऱ्यांदा नळी लावली, तसा मी त्याच्या कानाशी बसलो.

"महाराज, आमच्या आज्याचेही असेच खडे काढले होते. काढणारा लय दमाचा. पण ओढता ओढता नळी चार बोटं खाली सरकली. आज्यानं तर दोन दिवस एरंडेल घेतलेलं. त्या गड्यानं डोळे मिटून दम लावला, अन् सर्रकन जे वर आलं..."

महाराजाची नजर रुपालीच्या फुगलेल्या पोटाकडे गेली. नेमकं तेव्हाच ते गुडगुडलं.

त्यानं आवंढा गिळला. आवंढ्याबरोबर खडे गेले, खर्रा गेला, खर्ऱ्याचं पाणीही गेलं. डोळे पांढरे झाले, आणि मग ओसरीवर जे झालं ते देवानं वैऱ्याला दाखवू नये. आधी लाल चिळकांडी, मग सकाळची मिसळ अख्ख्या मटकीसकट, मग एक खडा, दुसरा, तिसरा. त्यातला एक टणकन उत्तमरावाच्या कपाळाला लागला. अर्धी ओकारी माझ्या धोतरावर. सगळ्यांसमोर चोरी उघडी पडली, म्हणून मी मिशीला पीळ भरला.

तर माझी बहीण त्या ओकारीपुढं गुडघे टेकून म्हणते, "महाराजांनी माह्या सुनेचा रोग आपल्या पोटात घेतला वं!"

बायांनी त्या घाणीला हळदकुंकू वाहिलं. महाराजानं तोंड पुसलं आणि चालता चालता सांगितलं, "रोग लय जबर आहे. या बाईले मूल होणार नाही."



तेवढ्यात रुपाली उठली. पदरानं बेंबी पुसली, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि नवऱ्यापुढं उभी राहिली.

"मी खामगावले दवाखान्यात चालली. तुमी येता का मी एकटी जाऊ?"

"अगं, आई..." शेखर पुटपुटला.

"आईले नाही, तुमाले इचारून राह्यली."

शेखरनं आईकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं आणि मोटारसायकलची किल्ली उचलली. मी धोतर बदलून मागून बसनं गेलो.

खामगावच्या डॉक्टर शैलजा मॅडमनी आधी जे कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. शौचाचा रंग कसा, चिकटते का, तरंगते का? पाळी कशी? शेखर छताकडे बघत होता. रुपालीनं मात्र सगळं सांगितलं, लाज न धरता.

"बरं कधी वाटतं?"

"माहेरी."

"माहेरी काय खाता?"

"भाकर."

"आणि सासरी?"

"पोळी. अन् बिमार पडली का शिरा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रक्त तपासलं, मग तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आला तेव्हा म्हणाल्या, "हिला सीलिअॅक नावाचा आजार आहे. गव्हातला चिकटपणा हिच्या शरीराला सोसत नाही. आतड्याचं अस्तर झिजलंय, खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्त नाही म्हणून पाळी बिघडली. गर्भ टिकत नाही त्यामागंही हेच असू शकतं. गहू कायमचा बंद. रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सगळं बंद. हिंगसुद्धा बघून घ्या, त्यात कणीक असते. आणि पीठ गव्हाच्या चक्कीवर दळायचं नाही."

"मग मूल होईल?" शेखरनं विचारलं.

"वचन देत नाही. आधी आतडं भरून येऊ द्या. आणि मास्तर, तुमचीही तपासणी करून घ्या." शेखर कानापर्यंत लाल झाला.

घरी बहीण कडाडली. "आमच्या गव्हाले, घरच्या लक्ष्मीले रोग म्हणते ते बाई? ज्वारीची भाकर माह्या चुलीवर चढणार नाही!"

त्या दिवशी शेखर जन्मात पहिल्यांदा आईपुढं बोलला. "नको चढू देऊ. आमची चूल वेगळी."

परसात वेगळी शेगडी मांडली, सोनाळ्याहून हातजातं आलं. सहा महिन्यांत रुपालीचा ढोल ओसरला. संडासातली पाल भिंतीवर टिकू लागली. वर्षभरानं दिवस राहिले आणि या वेळी पाचवा महिना लागला. बहिणीनं आधी महाराजाला नारळ धाडला, मग डोहाळजेवण घातलं.

पाटावर रुपाली, भोवती बायांचा गराडा. बहिणीनं तुपानं निथळणाऱ्या लापशीचा घास उचलला आणि थेट तिच्या ओठांशी नेला.

"आमच्या घरचा रिवाज आहे. पहिला घास गव्हाचा."

"आई, मले चालत नाही."

"एका घासानं काय होते वं? चारचौघीत माहा हात खाली पाडतं?"

रुपालीचा एक हात पोटावर गेला. दुसऱ्या हातानं तिनं सासूचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सुटेल असंही नाही. ते सावकाश वळवलं आणि घास सासूच्याच तोंडाशी नेला.

"तुमचा हात खाली नाही पाडत, आई. तुमीच खा."

तूप बहिणीच्या कोपरापर्यंत ओघळलं. बाया बघत होत्या. तिनं तोंड उघडलं आणि घास गिळला.

रुपालीनं आपल्या शेगडीवरची भाकर मोडली आणि जेवायला लागली.