पांढऱ्याची पाठ, करड्याची उंची

पन्नाशीला टेकली तरी घरात ती छोटीच होती. तिच्या लॉन्ड्रीत येणारी गिऱ्हाइकं तिला वचकून असत, कपड्यावरचा डाग कशाचा आहे हे तिच्यापासून लपवायची कुणाची छाती होत नसे. पण आईच्या घरात पाऊल टाकलं की ती छोटी, आणि पुलापलीकडे बेकरी चालवणारा तिचा भाऊ तो दादा. गेली तीन वर्षं ही छोटी आणि हा दादा एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

कारण काय, तर ससे.

दोघंही ससे पाळायचे, आणि कुरवाळायला नव्हे, जेवायला. हा वारसा आईचा. आईने आयुष्यभर परसात ससे वाढवले, कापले, शिजवले, आणि पोरांना वाढवलं. छोटीकडे पांढरी जात होती. आटोपशीर, रुंद पाठीची, पाहता पाहता अंगाला मांस धरणारी. दादाकडे करडे राक्षस होते. एकेक ससा मांडीवर घेतला तर दोन्हीकडून खाली लोंबेल एवढा. पण त्यांचं सगळं खाणं आधी हाडांत जायचं, मांसात जाईपर्यंत पाळणाऱ्याचा धीर सुटायचा.

तीन वर्षांपूर्वी रविवारी आईकडे जेवताना दादाने ताटातली तंगडी काट्याने उचलून विचारलं, "हा ससा आहे की उंदीर?"

"तुझ्या हाडांच्या पोत्यांपेक्षा बरा," छोटी म्हणाली.

दुसऱ्या एखाद्या घरात यावर हसून ताटं उचलली असती. या घरात मात्र माणसं जितकी जवळची तितका राग लांबतो. रविवारची जेवणं चालूच राहिली, दोघंही वेळेवर यायचे, समोरासमोर बसायचे, आणि बोलायचं ते आईमार्फत. "आई, त्याला म्हणावं, मीठ इकडे सरकव." "आई, तिला म्हणावं, हात लांब कर." मधे बसून आईचे दोन घास धड होत नसत. कधी कधी तिचं जेवण निवून जायचं आणि या दोघांची ताटं चाटूनपुसून स्वच्छ झालेली असायची.

मग एका रविवारी आईने चमचा खाली ठेवला.

"माझे गुडघे गेले," ती म्हणाली. "सशांची शेड मी सोडतेय. माझ्या वाढदिवसाला दोघांनी एकेक ससा शिजवायला आणा आणि त्याचाच एक भाऊ जिवंत आणा. ज्याचा ससा सगळ्यांना पुरेल आणि ज्याची हाडं कमी निघतील, शेड त्याची. तुमच्या आत्ताच्या सशांत मात्र मला तसा एकही दिसत नाही."

छोटीला ती शेड हवीच होती. आईची शेड म्हणजे दगडी फरशी, उत्तरेकडे तोंड, आत नळ. छोटीचे पिंजरे पत्र्याखाली होते. दर उन्हाळ्यात पिल्लं धापा टाकत पडायची, ओली गोणपाटं टाकून टाकून तिचे हात सुजायचे, तरी सकाळी तीन-चार पिल्लं उचलून खड्ड्यात टाकावी लागायची. शेड मिळाली नाही तर येत्या उन्हाळ्याआधी ससे बंद करायचे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ज्याला सांगायचं त्याच्याशी ती बोलत नव्हती.

आईच्या बोलण्याचा अर्थ तिला घरी पोचायच्या आत कळला. पुरेल एवढा मोठा ससा दादाकडचा. हाडं कमी ती आपल्याकडची. दोन्ही एकाच सशात हवं असेल तर दोन्ही जातींचा संकर करायला हवा. त्यासाठी दादाचा नर मागायला हवा. आणि मागायचं म्हणजे आधी 'दादा' म्हणून हाक मारायला हवी.

त्यापेक्षा चोरी बरी.

चोरी तशी सोपी होती. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, उलट कधी नाही. नर मादीच्या घरात सोडला तर ती त्याचे कान फाडते. मादीने मनावर घेतलं तर दूध उतू जाण्याइतकाही वेळ लागत नाही. नर धपकन कुशीवर पडतो, मादी परत टोपलीत, टोपली परत घरी. चोरी होते आणि मालकाचं काहीच हरवत नाही. वकीलसुद्धा डोकं खाजवेल.

किल्लीचाही प्रश्न नव्हता. लहानपणी आई किल्ली झारीत ठेवायची, आणि मोठेपणी दोन्ही लेकरं आपापल्या दारातल्या झारीत ठेवत होती. चोराला झारी सुचणार नाही याची दोघांनाही खात्री होती.

आता दादा घरी नसण्याची वेळ तेवढी हवी होती. छोटीने आईला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर अगदी साळसूदपणे विचारलं, "काय मग, बाकीचे सगळे बरे?"

"दादा ना? बरा आहे. गुरुवारी सकाळी न्हाव्याकडे जाणार म्हणत होता," आई म्हणाली.

गुरुवारी छोटीने धुण्याच्या टोपलीत मादी ठेवली, वर इस्त्रीची चादर पसरली आणि निघाली. पुलाच्या मध्यावर समोरून दादाच आला. हातात पावांची टोपली, वर पांढरं फडकं. छोटीने मान ताठ केली, त्यानेही केली. टोपलीतली मादी हलली तशी छोटी मोठ्याने खोकली. नेमका त्याच वेळी दादाही खोकला.

'न्हाव्याकडेसुद्धा पाव घेऊन जातो,' छोटीच्या मनात आलं, 'कंजूष कुठला, पैशाऐवजी पाव देत असेल.' आणि ती भराभर पुढे गेली.

दादाच्या अंगणात सगळं ठरल्यासारखं झालं. करड्या राक्षसाने मादीला दोनदा हुंगलं, तिच्याभोवती फेरी मारली, आणि मग धपकन आवाज झाला. छोटी घरी आली तर तिचा स्वतःचा पांढरा नर पिंजऱ्यात पाय पसरून पडला होता, समोरच्या गवताला तोंड लावत नव्हता. उन्हामुळे असेल, असं म्हणून तिने त्याला गार पाणी दिलं. कडीला पीठ लागल्यासारखं काही तरी पांढरं होतं. चुना उडाला असेल, असं म्हणून तिने ते फडक्याने पुसलं. कपड्यावरचा डाग बघून माणसाचं चारित्र्य सांगणारी ही बाई, पण स्वतःच्या चोरीत इतकी गढली होती की नाकासमोरचं पीठ तिला दिसलं नाही.

काही दिवसांनी तिने मादीच्या पोटाला बोटं लावून पाहिलं. पोट मोकळं होतं. पुन्हा आईला फोन, पुन्हा दादा न्हाव्याकडे, पुन्हा पूल, पुन्हा दोन टोपल्या, पुन्हा दोन्ही बाजूंनी खोकला. या खेपेला मादी गाभण राहिली, आणि महिन्याभरात पेटीत स्वतःच्या छातीची लोकर उपटून तिने पिल्लं घातली. गुलाबी, उघडी, बोटभर लांब.

छोटी खूश होती. चार-पाच दिवसांनी तिने पेटीतली लोकर बाजूला केली, आणि तिचा आनंद मावळला. पिल्लांच्या कातडीवर सावळी छटा आली होती. आठवड्यात सगळी पिल्लं करडी झाली. एकूण एक, अगदी दादाच्या नरासारखी.

हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. वर्षानुवर्षं पांढऱ्याला पांढरा लावला, पांढरेच झाले. आई पांढरी असली की पोरं पांढरी, एवढंच तिचं शास्त्र. करड्यापुढे पांढरा टिकत नाही, हे कळायला आयुष्यात एकदा तरी दोन्ही एकत्र आणावे लागतात. आता चोरीचा माल स्वतःच्या अंगावर मालकाचं नाव घालून पिंजऱ्यात उड्या मारत होता. छोटीने त्या पिंजऱ्यावर दुहेरी चादर टाकली आणि कुणी विचारलं तर सांगायला खरुजेची सबब तयार ठेवली.

पिल्लं वाढली मात्र अशी, की रोज सकाळी चादर उचलताना तिला हसू आवरेना. उंची करड्याची, पाठ पांढऱ्याची. तिला वाटे, हे दादाला दाखवावं. दुसऱ्या कुणाला यातलं काय कळणार होतं? मग लगेच तिला स्वतःचा राग यायचा. तीन वर्षांत तिला त्याची आठवण आली नाही असा आठवडा गेला नव्हता, आणि हे ती मेली तरी कबूल करणार नव्हती.

वाढदिवसाच्या सकाळी दोघांनी आपापले कापलेले ससे आईला दिले. तिने कांदा-गाजर घालून ते दोन पातेल्यांत मंद आचेवर चढवले. कातडं काढलेल्या सशाला रंग नसतो, त्यामुळे स्वयंपाकघरात छोटी निर्धास्त होती. मग आई शेडमध्ये स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आता जिवंत दाखवा."

दादाने टोपलीवरचं फडकं काढलं. दांडगा करडा ससा. त्याच्याकडे करड्याशिवाय दुसरं काही असणारच नव्हतं. छोटीने चादर काढली. तिचाही दांडगा करडा ससा.

आता दादा ओरडणार, असं वाटून छोटीने डोळे मिटून घेतले. पण दादा ओरडला नाही. त्याची नजर फरशीवर होती.

"छोटे," आई म्हणाली, "हा करडा तुझ्याकडे कुठून आला?"

खरुजेने काम भागणार नव्हतं. "याचा बाप दादाकडचा आहे," छोटी म्हणाली. "मी झारीतली किल्ली घेऊन चोरून मादी लावून आणली. दोनदा. शेड त्यालाच दे, आई. मी ससे बंदच करतेय, पत्र्याखाली पिल्लं मरतात, मला बघवत नाही." शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं, ते आपोआप बाहेर पडलं, आणि तिला लाजेने मान वर करवेना.

"बरं," आई म्हणाली. "निदान त्याच्या सशाला हात तरी लाव. हरताना कशापुढे हरलो ते बघावं."

छोटीने दादाच्या सशाच्या पाठीवर तळवा ठेवला, आणि तो तिथेच थांबला. राक्षसांची पाठ हाताला धारेसारखी लागते. ही रुंद होती, भरलेली होती, कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं रुतत होती. या पाठीवरून ती वर्षानुवर्षं रोज हात फिरवत आली होती, फक्त पांढऱ्या केसांवरून. कडीवरचं पीठ तिला आत्ता आठवलं. पुलावरचा खोकलाही आठवला.

तिने मान वर केली. दादाचे कान लाल झाले होते. लहानपणी चेंडू मारून खिडकीची काच फोडल्यावर व्हायचे, अगदी तेवढेच लाल. त्याची चोरी कुणाला दिसणार नव्हती. करड्या मादीला करडी पिल्लं, विचारतो कोण? छोटीने एक शब्द बोलायचा अवकाश होता.

"चांगला आहे," ती सशाच्या पाठीवरचा हात काढत म्हणाली. "जातिवंत आहे. तुझाच आहे, दादा."

तीन वर्षांनी ती त्याच्याशी बोलली, तेही खोटं. दादाने दोनदा घसा खाकरला, टोपलीची कड सोडली, परत धरली.

"आई, तिला म्हणावं," तो म्हणाला, "याचा बाप तिच्याकडचा आहे. तिच्या झारीतली किल्ली घेऊन मीही गेलो होतो. दोनदा. आणि तिला म्हणावं, तो उंदीर नाही."

छोटीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते लपवायला तिने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. केस कॉलरच्या खाली उतरले होते.

"तू न्हाव्याकडे जायचास ना रे?"

"मी कशाला जातोय? तूच दातांच्या डॉक्टरकडे जायचीस. इतक्या खेपा घालून तुझा पुढचा दात अजून तुटकाच?"

"मी कुठल्या डॉक्टरकडे गेले? कोण म्हणालं?"

दोघांनी एकदमच स्टुलाकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. गुडघे गेलेली आई केव्हाच स्वयंपाकघरात पोचली होती आणि तिथून पातेल्यांवर झाकणं आपटल्याचा आवाज येत होता.

जेवायला बसल्यावर कुठला तुकडा कुठल्या पातेल्यातला ते कुणालाच सांगता येईना. दोन्ही ससे सगळ्यांना पुरून उरले, आणि ताटांच्या कडेला हाडं जेमतेम मूठभर. शेड दोघांची, हे आईने भाजी वाढावी तसं सांगून टाकलं. पत्र्याखालचे पिंजरे उद्याच हलवायचे, असं दादा म्हणाला.

"पण पुढच्या वेताला आई माझी," छोटी म्हणाली. "पांढऱ्या मादीला दूध जास्त."

"दूध जास्त, पण पेटी लहान. मोठी पिल्लं माझ्या मादीलाच झेपतात."

"तुझी मादी पिल्लांवर बसते. चिरडेल सगळी."

"कधी चिरडली? एकदा तरी चिरडली?"

"मला काय माहीत? तीन वर्षं सांगितलंस कुठे काही?"

"तू विचारलंस कुठे?"

आवाज चढले, काटे ताटांवर वाजायला लागले, दादाने बोटाने टेबलावर पिंजऱ्यांची मापं काढली आणि छोटीने ती तळव्याने पुसली. आईला मधे काही म्हणायचं कामच उरलं नाही. तिने पातेलं जवळ ओढलं, पाठीचा सगळ्यात मोठा तुकडा स्वतःच्या ताटात घेतला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच गरम गरम जेवली.