सलगमावरची शिंगे

महिन्याच्या अखेरच्या रविवारी स्वयंपाकीण बाल्झान चुलीजवळच्या लांब मेजाशी सलगम घेऊन बसे, आणि बालगृहातील मुले ‘आपा, आपा’ करीत तिच्याभोवती गोळा होत. सलगम मधोमध चिरून त्याच्या शुभ्र अंगावर ती सुरीच्या टोकाने एकेक आकृती कोरी. शेजारी वाटीत बिटाचा रस असे. मुलांनी तो तुकडा रसात बुडवावा आणि पोत्याच्या फाडलेल्या कागदावर दाबावा, एवढाच तो खेळ. परंतु कझाक माळावरच्या त्या युद्धकाळात त्या खेळावर कित्येक जीव तगून होते.

मुलांच्या आया तीन कोसांवर, तारांच्या कुंपणाआड शिक्षा भोगीत होत्या. त्यांना पत्र पाठवण्याची मुभा नव्हती. ज्यावर अक्षर नाही, अंक नाही, तारीख नाही, असा मुलाच्या हातचा एक कागद मात्र दरमहा प्रत्येक आईकडे जाऊ देण्यास तपासनीस राजी झाला होता. बाल्झानचे वडील घोडे पाळणारे. कुळाची खूण शिंगराच्या पुठ्ठ्यावर डागली, की ते माळावर कितीही दूर भरकटले तरी कुणाचे ते ओळखू येई. या मुलांचे कूळ तर हिरावलेच गेले होते. म्हणून तिने प्रत्येकाला स्वतंत्र खूण नेमून दिली. तोन्याला चांदणी, धाकट्या जुळ्यांना कुऱ्हाड आणि कंगवा, मेलास्याला मेंढ्याची शिंगे.

मेलास्या चार वर्षांची, डावखुरी. दाबताना सारा भार ती एका अंगावर टाकी, त्यामुळे डावे शिंग गडद उमटे आणि उजवे फिकट राही. ठसे उमटून झाले की सलगमाचे तुकडे धुऊन रश्श्यात जात. उपाशी घरात ते जपून ठेवण्याची चैन कुणाला परवडणार? पुढल्या महिन्यात नवा तुकडा, नवे कोरीव काम.

बर्फ वितळू लागले तेव्हा गोवर आला आणि नऊ मुलांना घेऊन गेला. त्यांत मेलास्या होती. जमीन अजून वरवरच मऊ झाली होती. तळ्यापलीकडे एकच खड्डा खणता आला.

त्या रविवारी बाल्झान हात जोडून व्यवस्थापिकेपुढे उभी राहिली. “सेराफिमा पावलोव्ना, त्या आयांना आता कळवायला हवं ना?”

“कळवायचं काम कचेरीचं. तुझं नाही आणि माझंही नाही.”

“कचेरी कधी कळवते?”

“ते कचेरीला विचार जाऊन, हिंमत असेल तर.” सेराफिमाने चष्मा काढून डोळे चोळले. “मागच्या शरदात कुंपणाआडच्या त्या लाटवियन बाईला मुलाचा कागद गेला नाही, आठवतं? तळ्याकाठचं बोरू कापता कापता पाण्यात चालत गेली. परत काढली तेव्हा हातात विळा तसाच. कागद सगळे जायला हवेत, बाल्झान. मोजून घेतात तिकडे.”

बाल्झान परतली. पोत्याच्या तळाशी उरलेले सुरकुतलेले सलगम तिने चिरले आणि गेलेल्या नऊही मुलांच्या खुणा एकेक करून कोरायला घेतल्या. मेंढ्याची शिंगे कोरताना तिचा हात स्थिर होता. तिने तुकडा डाव्या हातात धरला, रसात बुडवला, आणि ती पोर जशी ओठ दुमडून दाबी तशी, डाव्या अंगावर सारा भार टाकून, दाबला.

तोन्या मेजाच्या कडेला हनुवटी टेकून पाहत होती. “आपा, मेलास्या तर मेली ना? मग तिची शिंगं तुम्ही कशाला दाबताय?”

“तू आपली चांदणी दाब. बोलू नकोस.”

“मेलेल्यांना ठसा लागत नाही.”

“तोन्या!”

“बरं बाई, नाही बोलत. मग तिचा तुकडा मी खाऊ? धुवायचासुद्धा नको.”

बाल्झानने तो तुकडा तिच्या हाती दिला. लाल रस हनुवटीवरून ओघळू देत तोन्याने तो कराकरा चावला.

उन्हाळा आला, पोत्याचा कागद संपला, साखरेच्या गोदामातून करडा कागद मिळू लागला. दरमहा शिंगे जात राहिली. गाडीवान सांगे, “ती ओरिना, मेलास्याची आई, कागद हातात पडला की सगळ्या बराकीला दाखवत फिरते. म्हणते, माझी पोर अजून डावखुरीच आहे, मोडून काढली नाही कुणी तिची सवय.” बाल्झान मान खाली घालून सलगम सोलीत राही. मोडून पडलेला एक जीव आपण उभा ठेवला आहे, या समजुतीवर ती स्वतःही उभी होती.

हिवाळ्याची कडक थंडी पडू लागली असता ओरिनाची मुदत संपली. फाटके, जाड लोकरी नमद्याचे बूट घासत, बोचके छातीशी धरून ती बालगृहाच्या दारात आली. “मेलास्या कुठाय? तिला सांगू नका मी कोण ते, बघू या ओळखते का!”

सेराफिमा आत निघून गेली. बाल्झानने ओरिनाला मेजाशी बसवले आणि, एकही गोष्ट न लपवता, सारे सांगितले. गोवर, खड्डा, एप्रिल, त्यानंतरचे ठसे.

ओरिना बराच वेळ हसत असल्यासारखी दिसत होती. चेहऱ्याला अजून वार्ता पोचली नव्हती. मग ती म्हणाली, “एप्रिल. आणि आता नोव्हेंबर.”

“तू जगावीस म्हणून, मुली—”

“मुलगी म्हणू नका मला! सात महिने मी बराकीत हसत होते. लोक रडायचे, आणि मी त्यांना कागद दाखवून हसवायची. ती मातीत होती, आणि मी हसत होते. हे तुम्ही माझ्याकडून करवलंत.”

खड्ड्याची जागा दाखवा, असे ओरिना म्हणाली असती तर गवताखाली बुजलेली ती जागाही बाल्झानला नेमकी दाखवता आली नसती. पण ओरिनाने ते विचारले नाही. बोचके सोडून तिने सोळा कागद मेजावर पसरले. “तिच्या हाताचे कुठले, तेवढे वेगळे करा. नऊ असायला हवेत.”

करडे सहा कागद बाल्झानने तत्काळ दूर सारले. ते तिचे स्वतःचे. पोत्याचे उरले दहा. त्यांतील आठांवर शिंगांच्या कडा गुळगुळीत होत्या. ताज्या सलगमाचे, निःसंशय मेलास्याचे. ते तिने ओरिनापुढे ठेवले. राहिले दोन. दोहोंच्या कडा सुरकुतलेल्या, दोन्ही त्याच शेवटच्या पोत्यातल्या सलगमाचे. एक मार्चचा, मुलीचा अखेरचा. दुसरा एप्रिलचा, बाल्झानचा पहिला.

ती वाकली. डावे शिंग गडद, उजवे फिकट. येथेही, तेथेही. तिने दोन्ही कागद उजेडाकडे धरले, उलटे करून मागची उमट पाहिली, बोटाने चाचपले. त्या दिवशी तिने आपले सारे वात्सल्य पणाला लावून त्या चिमुकल्या हाताचे अनुकरण केले होते, आणि ते साधले होते.

कोणताही एक उचलून ‘हा’ म्हणणे सोपे होते. ओरिना तो हृदयाशी धरून निघून गेली असती. बाल्झानचे बोट पुढे झालेही.

“मला ओळखता येत नाही,” ती म्हणाली.

“नीट बघा.”

“बघितलं. एक तिचा आहे. कुठला, ते मला सांगता येत नाही.”

ओरिनाने दोन्ही कागदांकडे पाहिले. तिचा हात एकावर गेला, दुसऱ्यावर गेला, परत आला. मग तिने समोरचे आठ गोळा केले, कडा जुळवल्या आणि बोचक्यात बांधले.

“खोटं मी आता बरोबर नेणार नाही,” ती म्हणाली, आणि दाराबाहेर पडली.

बाहेर वारा सुटला होता. बाल्झानने करडे कागद चुलीत घातले, आणि मग ते दोन हातात घेऊन ती चुलीसमोर उभी राहिली, उभीच राहिली.