पाळीबदलाचा बाक

“आधी बाकावर टेका. पुढच्याला सगळं सांगा. मग घरी जा.”

हा आवाज आमच्या जुन्या मालकांचा. ते आता नाहीत, पण माझ्या फळ्यांत तो अजून मुरलेला आहे. मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात पहिलं मशीन ज्या खोक्यातून आलं, त्याच खोक्याच्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं. घाईत माझा एक पाय आखूड राहिला. सुतार म्हणाला, “डुलला तर डुलू दे. बसल्या बसल्या झोप तरी लागणार नाही कुणाला.”

एक पाळी संपे, दुसरी सुरू होई. जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने माझ्यावर शेजारी बसायचं आणि मशीनचं दुखलंखुपलं एकमेकांना सांगायचं, असा नेम होता. देवापुढे दिवा लावावा, तसा तो न चुकता पाळला जाई.

त्या मशीनवर दोन जावा कामाला होत्या. सकाळी थोरली, दुपारी धाकटी. घरात त्यांचं बोलणं बंद होतं. पाहुण्यांसमोर एकीने दुसरीच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं, एवढंच निमित्त. पण माझ्यावर बसल्या की बोलावंच लागे.

“जाळी आज कुरकुरतेय.”

“तेल दिलंत?”

“दिलं. तुझ्यासारखीच आहे, पहिल्या हाकेला ऐकत नाही.”

धाकटी ओठ दाबून हसे. मशीनचं जड डोकं खाली येण्याआधी हातापुढे उतरणारा लोखंडी आडोसा म्हणजे ही जाळी. ती उतरली की हात सुखरूप. म्हणून तिची विचारपूस सर्वांत आधी. मग हळूच मुलाचा ताप निघे, सासूबाईंचं औषध निघे. मला वाटे, हे बोलणं एक दिवस माझ्यावरून उठून त्यांच्या घरापर्यंत चालत जाईल.

मालक गेले आणि कारभार त्यांच्या लेकीकडे आला. ती वाईट नव्हती. कारखाना टिकवायचा तर सगळं संगणकावर हवं, असं ती म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं. माझ्या जागी संगणकाचा एक पडदा उभा राहिला. पाळी संपली की त्यावर बोट ठेवायचं. मशीन चालू असेल तर हिरवं, बंद असेल तर लाल. कुरकुरणाऱ्या जाळीला त्यात रंगच नव्हता. मला उचलून मागच्या दाराबाहेर, भंगार पत्र्याजवळ टाकलं. दारातून मशीन दिसे, पडदाही दिसे आणि लोक डबा खायला माझ्यावर येत, म्हणून पुढचं मला कळलं.

पुढे कामावर किती माणसं लागतील, हे लेकीलाही ठाऊक नव्हतं. तिचा सल्लागार म्हणाला, “नक्की होईपर्यंत काही बोलू नका. उगाच घबराट पसरेल.” ती गप्प राहिली, आणि घबराट पसरली.

“ज्याच्या नावापुढे लाल जास्त, तो आधी घरी,” डबे रंगवणारा रंगारी घास चावत म्हणाला.

“कुणी सांगितलं?” थोरलीने विचारलं.

“सांगायला कशाला हवं? सांगत नाहीत, म्हणजे तसंच असणार.”

त्यानंतर पडद्यावर लाल दिसलंच नाही. लेक येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवी, “बघा, सगळं कसं सुरळीत चाललंय.”

एके दिवशी जाळी अर्ध्यावरच अडकू लागली. थोरली पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. तिचं बोट लालकडे गेलं, मागे आलं आणि हिरव्यावर टेकलं. तेवढ्यात धाकटी आली. दोघी खाली बघत एकमेकींजवळून निघून गेल्या. जाळी अडकतेय, जप, एवढंच तर सांगायचं होतं.

त्याच दुपारी मशीनखाली धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पडद्यावर मशीन मात्र हिरवंच होतं.

आज थोरली माझ्यावर येऊन बसली होती. मालकांची लेक तिला शोधत आली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग लाल का नाही दाबलंत?”

“लालवाले आधी जाणार, म्हणून.”

“असं काही ठरलंच नव्हतं हो.”

“मग तेवढंच सांगायचं होतंत, मॅडम. अजून काही ठरलं नाही म्हणून.”

लेक माझ्यावर टेकली. फळीवरून हात फिरवत म्हणाली, “हा बाक परत आत ठेवू या.”

“ठेवा,” थोरली म्हणाली.

ठेवतीलही. मित्रांनो, मला त्याचा आनंद होत नाही. ती बोटं आता कोण आणणार? पडद्यावरही माझा राग नाही, त्याला विचाराल तेवढंच तो दाखवतो. माझं मागणं इतकंच आहे: नवं काही आणाल तेव्हा माणसांना शेजारी बसायला जागा राखा. आणि जे तुम्हाला ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणून मोकळेपणी सांगा. माणसं तेवढ्यावरही धीर धरतात.

“निघते मी,” थोरली उठली. “हात बरा होईपर्यंत तुझी वेणी मी घालीन, असं दवाखान्यात तिला म्हणून आलेय.”

“ती काय म्हणाली?”

“भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.”

थोरलीने पिशवीतला कंगवा चाचपून पाहिला आणि खाली मान घालून ती फाटकाकडे चालू लागली.