घरात कोण नव्हतं

माझा जन्म तीस सप्टेंबर त्र्याण्णवचा, पहाटेचा. लातूर जिल्ह्यात ही तारीख सांगितली की समोरचा माणूस आधी गप्प होतो, मग मला खालून वरपर्यंत बघतो आणि विचारतो, "म्हणजे भूकंपाच्याच दिवशी?" हाव, त्याच दिवशी. मी काय कॅलेंडर बघून आले होते का?

दानम्मा आत्याचं म्हणणं मात्र जवळपास तसंच होतं. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, बिनलग्नाची, उदगीरला आमच्याच घरात राहणारी. तिचं गणित सरळ होतं. पोरगी जन्मली, भुई हालली, अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, माहेरची अकरा माणसं एका घरात गाडली गेली. म्हणून पोरगी पांढऱ्या पायाची. म्हणून दर तीस सप्टेंबरला पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी देवघरापाशी बसायचं, आणि आत्या कडक उपास धरून दारात बसणार, उंबऱ्यावर पाय आडवे टाकून. शाळेचे दिवस बुडाले, बारावीची चाचणी बुडाली, इंजिनिअरिंगची एक तोंडी परीक्षा बुडाली. आमचा वाढदिवस हा असा.

अप्पांची मोंढ्यात धान्याची आडत. बाजारात दहा जणांना एकटे भारी पडतील, पण बहिणीपुढं त्यांच्या तोंडाला कुलूप. त्याला कारणही होतं. आत्याचं लग्न अव्वाच्या चुलतभावाशी, चंद्रप्पाशी ठरलेलं होतं, दिवाळीनंतरचा मुहूर्त होता. त्या अकरांत चंद्रप्पा होता. त्यानंतर आत्यानं दुसरं स्थळ कुणाला काढू दिलं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून मीही दरवर्षी मुकाट बसायची. पण माणसानं किती वर्षं बसायचं?

दोन हजार पंधरा साली मी सिव्हिल इंजिनिअर झाले आणि अमेरिकेला पुढं शिकायचं ठरवलं. त्यासाठी जीआरई द्यावी लागते. जानेवारीच्या प्रवेशाला मार्क वेळेत पोचायचे तर हैदराबादच्या केंद्रावर एकच तारीख शिल्लक होती. कोणती, ते सांगायला नको. मी डोळे मिटून बटण दाबलं आणि घरी फोन केला.

"त्या दिवशी?" आत्या फोनवर ओरडली. "डोस्कं ठिकाणावर हाय का तुजं?"

"मग आदल्या दिवशी जाते आत्या. त्या दिवशी उंबरा ओलांडायचा प्रश्नच न्हाई."

"म्हंजे आता हैदराबाद हालवायचं हाय का तुला?"

मला हसू आलं, पण ती चेष्टा करत नव्हती. अप्पांनी फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी दे ना बाळा. कुठं पळून चालली परीक्षा?" अस्सा राग आला म्हणता. पुढच्या वर्षी मग स्थळं बघतील आणि अमेरिका राहील नकाशात. रविवारी घरी येऊन बोलते, एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मी तेव्हा लातूरला खोली घेऊन रेणुकादास सरांच्या क्लासला जात होते. सरांनी वीस वर्षं बारावीच्या पोरांना फिजिक्स पाजलं आणि मग वरच्या मजल्यावर जीआरईची बॅच उघडली. लातुरात कशाचाही पॅटर्न होतो, तसा सरांनी निबंधाचाही केला होता.

त्या परीक्षेत अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन निबंध असतात. एकात छोटा उतारा देतात. त्यात कुणीतरी काहीतरी ठासून सांगितलेलं असतं. समजा, एका गावात वाचनालय उघडलं, त्या वर्षी चोऱ्या कमी झाल्या, म्हणून गावोगावी वाचनालयं काढा. आपल्याला पटतं की नाही, ते कुणी विचारत नाही. ह्या बोलण्यात भोक कुठं आहे, आणि ते खरं की खोटं ठरवायला अजून काय माहीत असायला पाहिजे, एवढंच लिहायचं. इतकी झकास गोष्ट मला शाळेत कुणी शिकवली नव्हती. मोठ्या माणसाच्या बोलण्यात भोक शोधा म्हणून चक्क सांगतात की हो!

पण सरांनी तिचीही वाट लावली. सरांचा एक 'सांगाडा' होता, चार परिच्छेदांचा, मधे गाळलेल्या जागा. आम्ही चौदा जण रोज सकाळी तो इंग्रजीतून एका सुरात म्हणायचो, पाढे म्हटल्यासारखा. 'वरील युक्तिवाद वरकरणी पटण्याजोगा असला तरी अनेक निराधार गृहीतकांवर उभा आहे.' सर टेबलावर पट्टी आपटायचे आणि सांगायचे, "विचार करायचा नाही. विचारात मिनिटं जातात. सांगाडा भरा!"

एकदा सरांनी घरचा अभ्यास दिला, कुठलाही युक्तिवाद आणा आणि सांगाड्यात बसवा. मी आत्याचा बसवला. नावं बदलली, तारीख ठेवली. एक मुलगी जन्मली, त्या पहाटे भूकंप झाला, म्हणून त्या तारखेला तिनं बाहेर पडू नये. गाळलेल्या जागा भराभर भरल्या आणि शेवटी सरांचं लाडकं वाक्य टाकलं, की लेखकाने पुरेशा मोठ्या नमुन्यावर सर्वेक्षण करायला हवे होते.

"साडेपाच!" सर खूश झाले. सहापैकी साडेपाच त्यांनी कुणालाच दिले नव्हते. "ह्याच्या झेरॉक्स काढा, सगळ्यांना वाटा."

दहा मिनिटांत तो कागद चौदा जणांच्या हातात. मागच्या बाकावर कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं आणि मी ऐकत होते. एक शब्द चुकला नव्हता आणि एका शब्दाला अर्थ नव्हता.

"सर, हे माझ्या घरचं आहे," मी म्हणाले. "ती मुलगी मीच."

सर चष्म्यावरून बघायला लागले. "कुणाच्या का घरचं असेना. सर्व्हेचं वाक्य बरोबर जागी पडलंय."

माझं टाळकंच सरकलं. "सर्व्हे कुणाचा करू सर? मेलेल्या अकरा जणांचा?"

मी झेरॉक्स टराटरा फाडली, दप्तर उचललं आणि चालू लागले. सर मागून म्हणत होते, "अगं मंजुश्री, भावनेत मार्क जातात!" जाऊ देत.

खोलीवर येऊन कोरा कागद घेतला आणि सांगाडा बाजूला ठेवून स्वतःलाच विचारलं, आत्या बोलते ते खोटं आहे हे ठरवायला मला काय माहीत असायला पाहिजे? पहिलाच प्रश्न लिहिला: त्या रात्री त्या घरात कोण कोण होतं? दुसरा: कोण नव्हतं? आणि मला दुसऱ्याचं उत्तर येईना. अकरा माणसांची नावं घरात दरवर्षी घेतली जात, पण अव्वा त्यांच्यात का नव्हती?

पहिलं बाळंतपण माहेरी. अव्वा सातव्या महिन्यापासून तिथंच होती. म्हणजे मी त्या घरात जन्मायला पाहिजे होते, आणि त्या घरात जन्मले असते तर हे लिहायला उरलेच नसते. मी फाइल उघडली. जन्मदाखल्यावर ठिकाण होतं लातूर, सरकारी दवाखाना. दहावीला, बारावीला, पासपोर्टला, शंभर वेळा मी त्या कागदाची झेरॉक्स काढली होती. एकदाही वाचला नव्हता. सरांना काय बोलू, मी तरी दुसरं काय करत होते?

रविवारी उदगीरला गेले. गणपती विसर्जनाचा दिवस. बाहेर ढोलताशे सुरू, आणि आमच्याकडं दारं लावलेली, कारण आत्याला तो आवाज सहन होत नाही. अव्वा भाकरी थापत होती. अप्पा ताटावर होते. आत्या लसूण सोलत होती. मी काही प्रस्तावना केली नाही.

"अव्वा, त्या राती घरात कोण कोण होतं?"

थापणारा हात थांबला. आत्या म्हणाली, "सणासुदीचं कशाला उकरून राहिलीस?"

"आत्या, तुला न्हाई विचारलं." असं मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बोलले. नजरही खाली घातली नाही.

अव्वानं पिठाच्या बोटांवर अकरा नावं मोजली. चंद्रप्पाचं शेवटी घेतलं.

"आनि कोण नव्हतं?"

अव्वानं मान वर केली. "मी नव्हते," ती म्हणाली. "माजी आई नव्हती. धाकटा भाऊ, तुजा रुद्रेश मामा, त्यो बी नव्हता."

"तुमी तिगं का नव्हता?"

"तुज्यामुळं. पंधरा दिवस बाकी हुते, पर विसर्जनाहून मानसं घरी आली अन् मला कळा सुरू झाल्या. सुईण म्हनली, पोर आडवं हाय, लातूरला न्या. जीप काढली. दवाखान्यात तू झालीस, अन् मग भुई हालली."

"म्हंजे मी आडवी आले नसते तर?"

"तर आमी तिगं बी तितंच निजलो असतो," अव्वा म्हणाली. "अन् तू बी, माज्या पोटात."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. कुणी उठलं नाही. आत्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, बघ! बघ, पांढऱ्या पायाचीनं तीन माणसं बाहेर काढली! पण आधी अव्वाकडंच वळले. "बावीस वर्षं! सांगितलं का न्हाईस?"

"कुनी इचारलंच न्हाई," अव्वा म्हणाली. "जो आला त्यानं इचारलं, कोन कोन गेलं. कोन नव्हतं, ते कुनी इचारलं न्हाई. अन् दानम्मापुढं कोनच्या तोंडानं सांगू, का माजी लेक आली म्हनून मी वाचले?"

तेव्हा आत्या बोलली. आवाज इतका बारीक, की बाहेरच्या ढोलात बुडून जावा. "जीप तर चंद्रप्पाची. मग त्यो का न्हाई गेला चालवाया?"

अव्वा अप्पांकडं बघायला लागली. अप्पांनी मान खाली घातली.

"सांग वैनी."

"त्योच निघाला हुता. मला उचलून जीपमदी त्यानंच ठिवलं," अव्वा म्हणाली. "मग किल्ली रुद्रेशला दिली. म्हनला, सकाळी उदगीरला सांगावा द्याया घरातलंच मानूस पायजे, मी पयल्या गाडीनं जातो. म्हनला, तेवडंच दानम्माला बी बगून येतो."

आत्याच्या हातातला लसूण खाली पडला. ती रडली नाही. नुसती भिंतीला टेकून बसली, आणि मला पहिल्यांदा कळलं की ती केवढी लहान असेल तेव्हा, आज मी आहे त्याहूनही लहान. मी भांडण जिंकायला आले होते आणि जिंकलेही होते. पण आत्याचा राग करायचा की तिला कुशीत घ्यायचं, हे मला कळेना. एक मात्र पक्कं होतं. कुणाच्याही दुःखासाठी मी आता आयुष्यभर देवघरापाशी बसणार नव्हते.

"बुधवारी मी हैदराबादला जाणार हाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सकाळी निघून, त्याच दिवशी. लपून आदल्या दिवशी बी जाणार न्हाई."

अव्वानं करपलेली भाकरी काढली आणि नवी तव्यावर टाकली.

बुधवारी पहाटे आत्या उंबऱ्यात बसलेली. तोच पाट, तोच उपास, पाय तसेच आडवे. अप्पा ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. मी पिशवी घेतली, आणि मागं बघते तर अव्वा चपला घालून तयार.

"नीलम्मा वैनी, तू बी?" आत्यानं विचारलं.

"हाव," अव्वा म्हणाली. "पयल्या बारीला ती मला घिऊन निगाली हुती. आज मी तिला नेते."

मी आत्यासमोर उभी राहिले. ओलांडून गेले असते तर जमलं असतं, पण मला ओलांडायचं नव्हतं. "आत्या, पाय काढ."

ती माझ्याकडं बघेना. बसस्टँडकडं जाणारा रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. मी हलले नाही. मग आत्यानं हळूच गुडघे जवळ ओढले, एक पाय, मग दुसरा. बाजूला बघतच ओढले. आम्ही दोघी बाहेर पडलो.

परीक्षेत कुठल्याशा शहरातल्या बसगाड्यांचा उतारा होता. कुणीतरी ठासून सांगत होतं की नवीन चालक आले म्हणून अपघात वाढले. मी सांगाड्यातलं एकही वाक्य वापरलं नाही. जुने चालक गेले कुठं, आणि त्या वर्षी रस्ते कसे होते, एवढंच विचारत गेले आणि वेळ संपली. केंद्राबाहेर अव्वा फुटपाथवर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. हैदराबाद होतं तिथंच होतं.

निबंधांना सहापैकी पाच मिळाले. आठवड्यात लातूरच्या चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, 'सांगाडा पॅटर्नचा दणदणीत विजय'. मी सरांना फोन केला, फोटो उतरवा म्हणाले. सर म्हणाले, "अगं, तू आमच्या क्लासला आलीस, तुला पाच मिळाले. मग यश कुणाचं?"

"सर," मी म्हणाले, "तुमची न् माझ्या आत्याची एकदा गाठ घालून द्यायला पाहिजे." फ्लेक्स दिवाळीपर्यंत तसाच होता.

जानेवारीत मी अमेरिकेला आले. त्या वर्षीच्या तीस सप्टेंबरला, इथं सकाळ आणि तिकडं दिवेलागण झालेली असताना, अप्पांच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं आत्या होती. तिनं मला कधीच फोन केलेला नव्हता.

"काय हाललं का गं तिकडं?"

"न्हाई आत्या. काईच हाललं न्हाई."

"बाहीर पडलीस का घरातच हाईस?"

"उजाडल्यापासून बाहेरच हाय."

"हितं बी काय हाललं न्हाई," ती म्हणाली. "मग आता उपास सोडते मी. तू बी कायतरी गोड खा. वाडदिवस हाय म्हनं तुजा."