दोन ठोके

‘लॅपटॉप उचलून खोली सावकाश फिरवून दाखवा,’ हा ठरलेला संदेश स्वरदाने पडद्यावरच्या सात नंबरच्या चौकटीत पाठवला आणि चहाचा कप तोंडाला लावला.

चौकट हलली. निळं लोखंडी कपाट दिसलं, कपाटावर गादीची वळकटी, भिंतीशी रचलेली तांदळाची पोती, खिडकीच्या गजाला अडकवलेली पिवळी पिशवी. शेवटी लॅपटॉप पुन्हा टेबलावर टेकला आणि उमेदवाराचा चेहरा समोर आला. केस घट्ट बांधलेले, कपाळावर घाम, ओठ एकमेकांवर दाबलेले. ती अनसूया होती, स्वरदाच्या घरमालकांची सून. त्याच क्षणी स्वरदाच्या उजव्या हाताच्या भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

मुळशीतल्या कासार आंबोलीत घरमालक हैबतरावांनी घराला लागून भाड्याच्या खोल्या काढल्या, तेव्हा त्यांनी भाड्याचा विचार जितका केला तितका भिंतींचा केला नव्हता. अर्ध्या विटेची भिंत. पलीकडे शिंक आली तर अलीकडच्याने नाक पुसावं. स्वरदा परभणीहून येऊन त्यातल्या पहिल्याच खोलीत राहिली, त्याला वर्ष होत आलं होतं. ती काय काम करते हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ‘कंपनीचं काम, घरूनच’ एवढ्या उत्तरावर अनसूयेच्या सासूची, तुळजाबाईंची, चौकशी थांबली होती. खरं काम होतं पहाऱ्याचं. लोक आपापल्या घरी बसून संगणकावर परीक्षा द्यायचे आणि स्वरदा आपल्या खोलीत बसून, डोळ्यांत तेल घालून, त्यांच्याकडे बघायची. कुणाची नजर सारखी खाली जाते, कुणाच्या मागे दार उघडतं, कुणाचे ओठ हलतात. हे काम कुणाला सांगायचं नाही, ही करारातली अट होती. उमेदवार ओळखीचा निघाला तर लगेच कळवायचं, ही दुसरी.

दुसऱ्या अटीसाठी पडद्याच्या कोपऱ्यात वेगळं बटण होतं. स्वरदाने माऊस तिथपर्यंत नेला. बटण दाबलं की अनसूयेची परीक्षा थांबणार, ती रांगेत जाणार, आणि दुसरा कुणी पहारेकरी मोकळा झाला की पुन्हा सुरू होणार. मागच्या आठवड्यात असाच एक मुलगा रांगेत गेला आणि रांगेतच त्याचं नेट गेलं. त्याची परीक्षा तिथेच संपली. आणि मुळशीतल्या नेटचा भरवसा कुणी द्यावा?

काल संध्याकाळी नळावर भेटली, तेव्हा अनसूया म्हणाली होती,

“ताई, उद्या सकाळी गाणी लावू नका हां. माजी परीक्षा हाय. बँकेची.”

“अगं वा. पौडच्या शाखेत का?”

“लागले तर. मामा म्हणले, एकदाच बस. न्हाई जमलं तर परत बँकेचं नाव काढायचं न्हाई. घरात काय कमी हाय का तुला?” सासऱ्यांचा आवाज काढताना ती हसली, पण ते हसू पुरतं आलंच नाही. “म्हणून एकदाच हाय माज्यापाशी.”

स्वरदाने माऊस बटणावरून काढून घेतला. ओळख लपवली म्हणून कुणाचं काय जाणार होतं? ती काही उत्तरं सांगणार नव्हती. नुसती बघणार होती, आणि तेवढं तर कुणीतरी बघणारच होतं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील दुसरा मिळत नाही.

परीक्षा सुरू झाली. घरातली सगळी माणसं भात झोडायला खळ्यावर गेली होती, त्यामुळे भिंतीपलीकडे अगदी सामसूम होती. स्वरदा बाकीच्या चौकटींवरून नजर फिरवायची आणि दर वेळी सात नंबरवर येऊन थांबायची. अनसूया वाचताना मान डावीकडे कलती करत होती. एखादा प्रश्न सुटला की तिची हनुवटी किंचित वर जाई. मराठीचा भाग झाला, सामान्य ज्ञान झालं. हनुवटी बऱ्याचदा वर गेली, आणि इकडे स्वरदाला आपलाच पेपर सोपा गेल्यासारखं वाटू लागलं.

मग गणित आलं. अनसूयेची मान सरळ झाली. तिने एकदा डोळे मिटून उघडले. ती नुसतीच पडद्याकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळाने तिचा उजवा हात चौकटीबाहेर गेला. परत आला तेव्हा त्यात कॅल्क्युलेटर होता. दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसला, मोठ्या बटणांचा.

या आठवड्यातल्या आतापर्यंतच्या सगळ्या परीक्षांना एकच नियम होता. आकडेमोड करायची ती पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर. हातात दुसरा दिसला की पहारेकऱ्याने लाल बटण दाबायचं, आणि त्यानंतर उमेदवाराला बोलायची सोय नाही. परवाच तिने नाशिकच्या एका मुलाला असं बाहेर काढलं होतं. तो कॅमेऱ्यापुढे हात जोडून बसला होता, आणि त्याचं ऐकून घ्यायची तिला परवानगी नव्हती.

पहारेकऱ्यांच्या जोडीने चौकटींवर नजर ठेवणाऱ्या यंत्राने अजून काही पकडलेलं दिसत नव्हतं. कॅल्क्युलेटर टेबलाच्या कडेला, अर्धा चौकटीबाहेर होता. पण तो जरा आत सरकला की झालं. लिहून समज द्यावी, तर लिहिलेला प्रत्येक शब्द नोंदला जाणार, आणि लाल बटण का दाबलं नाहीस याचा जाब तिलाच द्यावा लागणार. गप्प बसावं, तर ही पोरगी आपल्या हाताने आपला घात करणार. स्वरदाला तिचा भयंकर राग आला. एकदाच आहे म्हणालीस ना, मग हे कुठून सुचलं? इतकी शहाणी मुलगी, आणि ऐन वेळी अक्कल गहाण टाकून बसली.

अनसूया बटणं दाबत होती. थांबत होती, पुसत होती, पुन्हा दाबत होती. दर वेळी कॅल्क्युलेटर थोडा आत येत होता.

स्वरदाने हेडसेट काढून टेबलावर ठेवला. उजवा हात लांब केला आणि बोटांच्या सांध्यांनी भिंतीवर दोनदा ठोकलं.

पडद्यावरची अनसूया दचकली. तिने भिंतीकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की, बाई गं, मान फिरव, असं स्वरदा मनातल्या मनात म्हणाली. मग अनसूयेचे खांदे खाली आले. तिने कॅल्क्युलेटर कडेला सारला, ओढणीने कपाळ पुसलं आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला. कॅल्क्युलेटर पुन्हा दिसला नाही.

समजलं तिला. स्वरदाने हेडसेट पुन्हा डोक्यावर चढवला. सात नंबरच्या चौकटीखाली एक पिवळी पट्टी उमटून गेली. अशा पट्ट्या दिवसभर उमटत, कुणाच्या दारात कुत्रं भुंकलं तरी. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

दुपारी जेवण उरकून ती परत बसते न बसते तोच शैलेशचा फोन आला. शैलेश तिचा सुपरवायझर. एरवी तो मेसेज करायचा, फोन कधी करत नसे. चोराच्या मनात चांदणं. नाव बघूनच स्वरदा उठून उभी राहिली.

“स्वरदा, तुझी सात नंबर. बाहेरून सिग्नल मिळाल्याच्या संशयावरून फ्लॅग झालीय.”

“कसला सिग्नल?”

“भिंतीवर दोन ठोके. आणि लगेच पुढच्या प्रश्नाला तिने दुसरा पर्याय टिक केलाय. दोन ठोके, दोन नंबरचा पर्याय. त्यात उत्तर बरोबर निघालंय, हे तिचं दुर्दैव.”

“अरे, योगायोग असेल.”

“असेलही. बँक योगायोग मानत नाही. मला वाईट वाटतंय, कारण बाकी पेपर क्लीन आहे तिचा. आयडी, खोली, कॅल्क्युलेटर, सगळं नियमात.”

“कॅल्क्युलेटर?”

“साधा चालतो ना या बँकेला. माझ्या टीमने आयडी तपासला तेव्हाच तिने पुढूनमागून दाखवलाय. सकाळच्या सूचना वाचल्या नाहीस का?”

वाचल्या नव्हत्या. रोज त्याच असतात म्हणून तिने ‘वाचले’ या शब्दावर टिचकी मारली होती आणि चहा टाकायला उठली होती. स्वरदा खुर्चीवर बसली. भिंतीपलीकडची मुलगी नियमात राहून गणित करत होती. नियम मोडला होता तो फक्त अलीकडच्या पहारेकरणीने. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, आणि तोही दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात.

“आणखी एक,” शैलेशचा आवाज खाली आला. “तुझा माईकही रेकॉर्ड होतो, माहितीय ना? तेच दोन ठोके तुझ्याकडे आहेत. जरा मोठेच. कोण आहे ती?”

खोटं सुचायला वेळ लागतो. तेवढा वेळ तिला मिळाला नाही.

“शेजारी राहते. घरमालकांची सून.”

“कळवायचं होतंस.”

“हो.”

“हे बघ, पहारेकऱ्याचं रेकॉर्डिंग कुणी मागितल्याशिवाय पुढे जात नाही. मी मागणार नाही. फ्लॅगवर तुझा रिपोर्ट लागेल, पाचच्या आत. आवाज कुठून आला, एवढाच प्रश्न आहे. ‘माहीत नाही’ लिहिलंस की तुझा विषय संपला.”

“आणि तिचा?”

“तिचाही. परीक्षा रद्द. या बँकेला पुन्हा बसता येणार नाही.”

“खरं लिहिलं तर?”

“तर चूक आपली ठरते. तिला नवा पेपर मिळेल. तुला मात्र मी वाचवू शकणार नाही. आणि या लाइनमध्ये अशी गोष्ट लपत नाही, दुसरीकडे कुणी घेणार नाही तुला. लोक रोज कुठली ना कुठली परीक्षा देत असतात, स्वरदा. शांतपणे विचार कर.”

तिने फोन टेबलावर ठेवला. शैलेश माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. याआधीच्या तिच्या दोन्ही नोकऱ्या कंपन्या बंद पडून गेल्या होत्या. तेव्हा दोष तिचा नव्हता, तरी परभणीला सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत होते, आजारी माणसाशी बोलावं तसे. फोन ठेवताना वडील अजून म्हणायचे, आता तरी टिकून राहा गं. या वेळी तर दोष तिचाच होता. त्यांना काय सांगणार? भिंतीवर ठोकलं म्हणून नोकरी गेली?

तिने रिपोर्ट उघडला. ‘आवाज कुठून आला?’ असं लिहिलेलं होतं आणि पुढे कोरी जागा. तिने ‘माहीत नाही’ असं टाइप केलं. वाचून पाहिलं. त्यात काही खटकत नव्हतं, रोजच्यासारखंच वाटत होतं. पाठवायच्या बटणावर बोट गेलं, तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात अनसूया उभी होती. हातात झाकलेली वाटी.

“ताई, झाला माजा पेपर. लई चांगला गेला.” तिने वाटी पुढे केली. “गूळखोबरं हाय. घरात दुसरं गोड काय न्हवतं.”

स्वरदाने वाटी घेतली. ती कुठे ठेवावी हे तिला सुचेना.

“निकाल लागायच्या आधीच?”

“लागंल तवा लागंल. आज तुमाला द्यायचं हुतं.” अनसूया उंबऱ्यावरच थांबली होती, चपला न काढता. “गणित आलं न् माजे हातपायच गळाले बघा. कॅल्क्युलेटर घेतला तर एकच बेरीज दर बारीला येगळी यायची. बोटंच थरथरत हुती. म्हणलं, उठावं आता. मामांचंच खरं, आपलं न्हाई हे काम. पार उठायलाच झाले हुते. तेवढ्यात तुमी भिंत वाजवलीत.”

स्वरदाने वाटी दुसऱ्या हातात घेतली.

“मी कालच तुमाला परीक्षेचं बोलले हुते न्हवं, तेच आठवलं. म्हणलं, ताईंच्या ध्यानात हाय. पलीकडं कुणीतरी हाय आपल्यासाठी.” ती ओशाळून हसली. “मग ठिवला कॅल्क्युलेटर बाजूला आन डोक्यानंच केलं समदं. तुमी वाजवलं नसतं तर मी न्हाई बसत शेवटापत्तूर. चला, खळ्यावर जाते. आत्या वाट बघत्यात.”

ती वळली. अंगणातल्या उन्हात तिचं एक पाऊल पडलं होतं.

“अनसूया.”

“व्हय?”

“जरा आत येऊन बस ना. मला थोडं लिहायचंय, तेवढं होईपर्यंत.”

“लई येळ लागंल का?”

“नाही. पण तू गेलीस तर ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

अनसूयेला काही उमगलं नाही, पण तिने चपला काढल्या आणि कॉटच्या कडेला टेकली. स्वरदाने वाटी कीबोर्डशेजारी ठेवली. लिहिलेलं एकेक अक्षर तिने मागे जात पुसलं. जागा पुन्हा कोरी झाली.

“काय लिहिताय?” अनसूयेने विचारलं.

“आवाज कुठून आला ते.”

“कसला आवाज?”

“सांगते,” स्वरदा म्हणाली, आणि पडद्यावरून नजर न काढता लिहू लागली.